कॉर्कची फरशी चिकटवायचीय? आधी ग्लूमधलं पाणी कुठून बाहेर जाणार ते बघा

"साहेब, कॉर्क म्हणजे बूचच ना, त्याला काय एवढं? पांढरा ग्लू फासू, वर वजन ठेवू, उद्या सकाळी एकदम टकाटक." असं मिस्त्री म्हणाला आणि मी मान डोलावली, कारण त्याच माणसाने त्याच पांढऱ्या ग्लूने घरातलं सगळं फर्निचर केलेलं आणि एक सनमायका आजपर्यंत सुटलेला नाही. ट्रायल म्हणून स्टडीच्या कोपऱ्यात सहा टाइल लावल्या, वर जुन्या मासिकांचे गठ्ठे ठेवले. सकाळी बघतो तर सहाही टाइलचे कोपरे उन्हात वाळत टाकलेल्या पापडासारखे वर वळलेले. एक उचलून बघितली, कडेचा ग्लू वाळलेला आणि मधला अजून दह्यासारखा ओला. डब्यात काही खोट नव्हती, मिस्त्रीचाही फार दोष नाही, जागा चुकीची होती आणि घाई माझी होती.

त्यानंतर मी या विषयात जरा जास्तच घुसलो, डब्यांमागचे बारीक अक्षरातले कागद वाचले, टाइल विकणाऱ्याचं डोकं खाल्लं, आणि शेवटी कळलं की कॉर्कच्या बाबतीत "सगळ्यात मजबूत ग्लू कोणता" हा प्रश्नच उपयोगाचा नाही. विचारायचं असं, की या ग्लूमधलं पाणी किंवा थिनर टाइल खाली बसल्यावर कुठून बाहेर जाणार? माझ्या केसमध्ये खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल, जी अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, आणि वर लॅकर मारलेला कॉर्क, म्हणजे तिथूनही रस्ता बंद. मग ते पाणी गेलं कॉर्कच्याच पोटात, खालची बाजू फुगली, वरची तशीच राहिली, कडा वर आल्या. इतकं साधं आहे ते.

दुकानात जायच्या आधी टाइल उलटी करून बघा

अर्ध्या लोकांना ग्लू लागतच नाही, म्हणून हे आधी. तुमची कॉर्क म्हणजे १० ते १२ मिमी जाडीची लांब फळी असेल, मध्ये एचडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या कडक फळीचा) थर आणि कडेला एकमेकांत अडकणारे खाचे, तर ती फ्लोटिंग फरशी आहे, ती खाली चिकटवायची नसते, खाली शीट अंथरायची, खाच्यात खाच अडकवायची आणि भिंतीकडेला कंपनीने सांगितलेली फट ठेवायची. तुम्ही इथेच वाचन थांबवलंत तरी चालेल.

चिकटवायची कॉर्क म्हणजे पातळ टाइल, साधारण ४ किंवा ६ मिमी, एक फूट बाय एक फूट किंवा दोन फूट बाय एक फूट. हिला उलटी केलीत की तीनपैकी एक काहीतरी दिसेल. नुसता घासलेला कच्चा कॉर्क, म्हणजे ग्लू तुम्ही लावायचा. किंवा मागे आधीच वाळलेल्या ग्लूचा पातळ चमकदार थर, हात लावला की रबरासारखा लागतो, म्हणजे फॅक्टरीतून ग्लू लावून आलीय आणि तुम्हाला फक्त जमिनीवर लावायचाय, पण त्याच जातीचा, दुसरा कुठलाही मारून चालत नाही. तिसरी म्हणजे मागे विनाइलचा थर असलेली, तिला कॉर्कचा नाही तर विनाइल फ्लोअरिंगचा ग्लू लागतो, कारण ग्लूला कॉर्क भेटतच नाही, भेटतं ते प्लास्टिक.

आणि एक, नोटीस बोर्डाचा किंवा साउंडप्रूफिंगचा रोल स्वस्तात मिळतो म्हणून तो जमिनीवर चिकटवू नका. तो हलका आणि पोकळ असतो, खुर्चीच्या पायाने एका महिन्यात खड्डे पडतात, मग ग्लू कितीही चांगला असू दे.

जाता जाता, पुण्यात रस्त्याकडेला लांब देठाची पांढरी सुवासिक फुलं टाकणारं जे बुचाचं झाड आहे त्याचा या कॉर्कशी संबंध नाही. फरशीचा कॉर्क म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या एका ओक झाडाची साल, जगातला जवळपास निम्मा माल एकट्या पोर्तुगालचा. झाड साधारण २५ वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा साल काढतात आणि मग दर ९ वर्षांनी, झाड न तोडता. बाटल्यांची बुचं पाडून जो चुरा उरतो तो रेझिनने दाबून या टाइल होतात. हे एवढ्यासाठी सांगतोय की टाइल म्हणजे कोट्यवधी छोट्या हवाबंद कप्प्यांचा दाबलेला चुरा आहे, ती दगडासारखी गप्प पडून राहत नाही, हवा दमट झाली की थोडी वाढते, कोरडी झाली की आकसते. ग्लूला आयुष्यभर ही ओढाताण सहन करायचीय. म्हणूनच सिमेंटवाला टाइल ॲडेसिव्ह चालत नाही, तो वाळला की कडक, आणि टाइल हलली की तडकतो.

आता खाली काय आहे ते बघा

आपल्याकडे बहुतेक वेळा चार गोष्टींपैकी एक सापडते. कोबा, म्हणजे सिमेंटची साधी जमीन, ही सगळ्यात सोपी, फक्त भुसभुशीत नको. नाणं जोरात ओढून बघा, पांढरी पूड निघत राहिली तर वरचा कच्चा थर घासून काढावा लागेल, नाहीतर तुमचा ग्लू त्या पुडीला चिकटेल आणि पूड कशालाच चिकटलेली नसेल.

दुसरी व्हिट्रिफाइड किंवा जुनी मोझॅक, पॉलिश केलेली. ग्लूला पकड मिळत नाही, आणि सांध्यांच्या रेषा ४ मिमीच्या कॉर्कमधून काही महिन्यांत वर दिसायला लागतात, विशेषतः खिडकीतून तिरपा उजेड आला की. इथे शॉर्टकट मारू नका. आधी एकेक लादी ठोकून बघायची, पोकळ वाजते ती काढून पुन्हा बसवायची, मग ग्राइंडरने घासून चमक घालवायची, गुळगुळीत पृष्ठभागासाठी मिळणारा प्रायमर, आणि वरून सेल्फ लेव्हलिंग कंपाउंडचा, म्हणजे ओतलं की आपोआप सपाट पसरणाऱ्या सिमेंटच्या मिश्रणाचा, साधारण ३ मिमीचा थर. मिस्त्री म्हणेल की सांध्यांत लांबी (पुट्टी) भरली की झालं, पण मी मोझॅकवर लांबी भरून केलेली खोली बघितलीय, दुपारी चारच्या उन्हात कोणती लादी कुठे संपते ते मोजता येतं.

तिसरी कोटा किंवा शहाबादी. तळमजल्यावर या फरशीखाली अनेकदा नुसती माती-मुरूम असतो, ओल वर येत राहते, आणि वर्षानुवर्षं मारलेलं मेण-तेल मुरलेलं असतं. पाण्याचा एक थेंब टाकून पाच-दहा मिनिटं बघा, मण्यासारखा उभा राहिला तर वर काहीतरी तेलकट किंवा सीलबंद आहे. खरं सांगायचं तर तळमजल्याच्या शहाबादीवर मी चिकटवायची कॉर्क घालणारच नाही.

चौथी प्लायवुड, लाकडी माळ्यावर किंवा कोणी मुद्दाम ठोकलेला. यावर कॉर्क छान बसते, फक्त वॉटरप्रूफ ग्रेडचा, स्क्रूची डोकी आत दाबलेली, सांधे भरून घासलेले.

सपाटी कशी हवी म्हणाल तर सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आडवी-उभी-तिरकी ठेवून बघायची, खाली एक सुतापेक्षा, म्हणजे ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली की भरायची. जाड ग्लूने खड्डा भरून काढू असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा, कारण जाड ग्लू आतून वाळतच नाही.

ओल मोजणं, ज्याचा सगळे कंटाळा करतात

प्लास्टिकचा जाड पारदर्शक कागद, दीड फूट बाय दीड फूट, चारही बाजूंनी टेपने घट्ट बंद करून जमिनीवर चिकटवायचा. कमीत कमी १६ तास ठेवायचा असतो, मी दोन दिवस ठेवतो. खाली थेंब दिसले किंवा सिमेंटचा रंग गडद झाला तर काम थांबवायचं, विषय संपला. पण उलटं धरू नका, थेंब दिसले नाहीत म्हणजे जमीन कोरडीच आहे असं सर्टिफिकेट मिळत नाही, वरचा इंचभर कोरडा आणि खाली ओला असू शकतो. स्लॅब नवीन असेल तर ढोबळ हिशोब असा की इंचभर जाडीला एक महिना वाळायला, म्हणजे चार इंचाला चार महिने, आणि हा हिशोब कोरड्या हवेचा आहे, जुलैतल्या ठाण्याचा नाही.

पैसे जास्त लागलेले असतील तर नीट टेस्ट करून घ्या. अमेरिकन पद्धतीत कॅल्शियम क्लोराइडची डबी ठेवून १००० स्क्वेअर फुटातून २४ तासांत किती पाउंड वाफ येते ते मोजतात, कॉर्कला बहुतेक ठिकाणी ३ पाउंडांची मर्यादा सांगतात. दुसरी पद्धत स्लॅबमध्ये भोक पाडून आतली आर्द्रता मोजायची, तिथे साधारण ७५ टक्क्यांची मर्यादा. जर्मन डब्यांवर वेगळंच लिहिलेलं असतं, सिमेंटच्या थरात २ टक्के, ते त्यांच्या सीएम मशीनचं (सिमेंटचा नमुना फोडून कार्बाइडने ओल मोजणाऱ्या) माप आहे, सुताराच्या पिनवाल्या मीटरवरचे २ टक्के नाही, दोन्हींची गल्लत करू नका.

वरच्या मजल्यावर राहता म्हणून निश्चिंत असाल तर शेजारची भिंत कुणाची ते बघा. बाथरूमची असेल आणि तिच्या तळाशी रंगाला पोपडे आले असतील तर आधी प्लंबर, मग कॉर्क.

ओल मर्यादेच्या थोडीशी वर असेल तर दोन भागांचा इपॉक्सीचा ओलरोधक थर मारता येतो, ओला असतानाच वर कोरडी बारीक वाळू भुरभुरायची म्हणजे पुढच्या थराला पकड मिळते, मग लेव्हलिंग कंपाउंड. पाणी थेट पाझरत असेल तर यातलं काहीही चालत नाही.

आता ग्लू

आपल्याकडे सगळ्याच ग्लूला फेविकॉल म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. फेविकॉल एसएच हा पांढरा, पाण्यातला, लाकूड-प्लायसाठीचा. फेविकॉल एसआर ९९८ हा पिवळसर, वासाचा, सिंथेटिक रबराचा. नाव एक, पण आतला माल पूर्ण वेगळा. म्हणून नाव मागू नका, जात मागा.

पांढरा पीव्हीए, म्हणजे एसएचच्या जातीचा. याला वाळण्यासाठी पाणी शोषणारं लाकूड आणि शिकंजाचा दाब लागतो. जमिनीला शिकंजा कसा लावणार? शिवाय खालून ओल आली की साधा पीव्हीए परत मऊ पडतो. वॉटरप्रूफ म्हणून मिळणारा घेतला तर मऊ पडायचा प्रॉब्लेम कमी होतो, पण लावताना पाणी अडकायचा तसाच राहतो. फरशीसाठी नको.

सॉल्व्हंटवाला रबरी कॉन्टॅक्ट ग्लू, म्हणजे चपला, रेक्झिन, फोमवाला. याची पकड दांडगी, आणि यात पाणीच नाही त्यामुळे कॉर्क फुगत नाही. दोन्ही बाजूंना लावायचा, थिनर उडून जाऊ द्यायचा, मग चिकटवायचं. तांत्रिकदृष्ट्या हा चालतो आणि आपल्याकडे बऱ्याच जणांनी याच्यावरच कॉर्क लावलेली आहे. पण पूर्ण खोलीभर हा ग्लू पसरणं म्हणजे काय ते समजून घ्या. याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खिडकीतून सहज निघत नाही, जमिनीलगत साचते आणि दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत सरकते, जिथे देवापुढे दिवा असतो, किंवा मच्छर अगरबत्ती, किंवा फ्रिज, ज्याचा आतला स्विच चालू-बंद होताना बारीक ठिणगी पाडतो. चपलेच्या सोलसाठी चमचाभर वापरणं वेगळं आणि १२० स्क्वेअर फुटाला दोन्हीकडून फासणं वेगळं. लावायचाच असेल तर शेगडी-सिलिंडर बंद, दिवे-उदबत्त्या बंद, थिनरची वाफ अडवणारा मास्क, खिडक्या सताड उघड्या, आणि घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर दोन दिवस त्यांना दुसरीकडे पाठवा. आणखी एक त्रास, टाइल एकदा टेकली की टेकली, केसभरही सरकत नाही. आणि घाईने थिनर आत अडकवलात तर नंतर फुगे येतात.

पाण्यातला कॉन्टॅक्ट ग्लू. माझ्या मते घरात कॉर्क लावायला हाच, बाकी सगळे नंतर. रबर किंवा ॲक्रिलिकचे बारीक कण पाण्यात मिसळलेले, दिसायला दुधासारखा, वास जवळपास नाही, आग लागत नाही. कॉर्कसाठी म्हणून मुद्दाम बनवलेले ग्लू बहुतेक याच जातीचे, जर्मनीच्या वाकोलचा डी ३५४० हे त्यातलं कॉर्कवाल्यांच्या तोंडी असलेलं नाव. तुम्ही म्हणाल, यात पण पाणी आहे की! आहे, पण ते टाइल खाली बसायच्या आधीच उडून जातं. जमिनीला लावला, टाइलच्या पाठीला लावला, दोन्ही वाळू दिलं, दुधाळ रंग जाऊन काचेसारखा पारदर्शक झाला, मग टाइल ठेवली की दोन वाळलेले थर एकमेकांना धरतात. म्हणजे खाली व्हिट्रिफाइड असो की इपॉक्सी, पाणी अडकायचा प्रश्न मिटला, तिथे प्रश्न उरतो तो फक्त पकडीचा. तोटा एवढाच की काम दुप्पट, वेळ जास्त, आणि इथेही टाइल सरकत नाही.

ॲक्रिलिकचा एका बाजूने लावायचा ग्लू, दातेरी थापीने जमिनीवर ओढायचा आणि चिकट झाला की टाइल ठेवायची. नवशिक्यांना आवडतो कारण थोडं सरकवता येतं. पाणी शोषणाऱ्या कोब्यावर किंवा प्लायवर आणि टाइल बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तर ठीक. पण दाते बारीक हवेत, १.५ मिमीच्या आसपास, मोठ्या दात्यांच्या ओळी पातळ कॉर्कमधून उमटतात. इपॉक्सीवर किंवा गुळगुळीत लादीवर ओला असताना टाइल ठेवलीत तर पापड परत तुमच्याच घरी.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, आणि एमएस पॉलिमर. लाकडी फ्लोअरिंगवाले याचे भक्त. यात पाणी नाही, उलट हा हवेतली ओल पिऊन घट्ट होतो. जाड, कडक कॉर्कच्या फळ्यांना कंपनी सांगत असेल तर उत्तम. पण पातळ टाइलला सुरुवातीची झटपट पकड लागते, आणि हा तासन्‌तास घट्ट होत राहतो, तोवर टाइलचा कोपरा आपल्या मनाने वर येऊन बसतो. हाताला लागला तर आठवडाभर दाखवत फिरावं लागतं, हा अनुभव घेतलाय.

ट्यूबमधला कन्स्ट्रक्शन ग्लू गोळे-गोळे लावून वर टाइल दाबायची, हे व्हिडिओत सोपं दिसतं. मधे पोकळी राहते, चालताना टपटप वाजतं. नाही.

या सगळ्याच्या वरचा नियम म्हणजे टाइलच्या खोक्यातला कागद. त्याने एखादी जात सांगितली असेल आणि माझं म्हणणं वेगळं असेल तर त्याचं ऐका, वॉरंटी त्याच्याकडे आहे. ग्लू शक्यतो टाइलवाल्याकडूनच घ्या आणि टेक्निकल डेटा शीट मागा, देत नसेल तर ते पण एक उत्तरच आहे. त्या शीटमध्ये चार गोष्टी बघायच्या: कॉर्कचं नाव लिहिलंय का, तुमच्या जमिनीचं नाव लिहिलंय का, लावल्यावर किती वेळात टाइल ठेवायची, आणि डबा किती महिने टिकतो. आयात माल असेल तर डबा बोटीत आणि गोडाऊनमध्ये किती दिवस पडून होता कुणास ठाऊक, उत्पादनाची तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. उघडल्यावर दह्यासारख्या गुठळ्या दिसल्या आणि ढवळूनही मोडत नसतील तर सरळ परत.

किती घ्यायचा

इथे जवळजवळ सगळे चुकतात, कारण खोलीचं क्षेत्रफळ धरतात. १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० स्क्वेअर फूट, कापाकापीसाठी १० टक्के धरून १३२ ची टाइल. कॉन्टॅक्ट ग्लू टाइलच्या पाठीला १३२, जमिनीला १२०, आणि कोबा पहिला हात पिऊन टाकतो म्हणून दुसरा हात परत १२०. झाले ३७२. समजा डब्यावर लिहिलंय की एक लिटर एका हाताला ६० स्क्वेअर फूट पुरतो, तर सहा लिटरच्या वर लागेल, सात घ्या. खोलीच्या मध्यावर ग्लू संपला तर तोच डबा परत मिळेपर्यंत जमिनीवर लावलेला ग्लू फुकट जातो.

कधी लावायची

पावसाळ्यात नको. दमट हवेत ग्लूचं पाणी उडत नाही, अर्ध्या तासाचे दोन तास होतात आणि मिस्त्रीचा धीर सुटतो. पण भर मे महिन्यात पण नको. तेव्हा टाइल आकसलेली असते, गच्च बसवलीत की जुलैत वाढायला जागा नाही, सांधे टोपीसारखे वर येतात. पावसात लावलीत तर उलटं, एप्रिलमध्ये फटी. दिवाळीच्या आसपास, हवा मधली असताना, बेस्ट. लावायच्या आधी खोके उघडून टाइल त्याच खोलीत दोन-तीन दिवस मोकळ्या ठेवायच्या, ग्लूचा डबाही तिथेच, आणि खोली १८ ते २५ अंशांच्या दरम्यान असेल तर काम सुखाचं होतं.

प्रत्यक्ष लावताना

ट्रायल आधी, हा माझा एकमेव आग्रह. चार टाइल लावा, दोन दिवसांनी एक कोपरा उचकटा. कॉर्क फाटून अर्धा खाली राहिला तर जिंकलात. पूर्ण टाइल सोलून हातात आली आणि ग्लू जमिनीवर राहिला किंवा उलट झालं, तर कुठली बाजू धरली नाही ते तिथेच समजतं.

जमीन झाडून, व्हॅक्यूम मारून, ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. मधोमध काटकोनात दोन रेषा काढा, आणि इथे मिस्त्रीला अडवा, तो सवयीने नीळ लावलेली दोरी झटकणार. निळीच्या पुडीवर ग्लू धरत नाही. पेन्सिलने रेषा काढा, पाण्यातला ग्लू वाळून पारदर्शक होतो तेव्हा ती खालून दिसत राहते. टाइल कोरड्याच मांडून बघा, वेगवेगळ्या खोक्यांतल्या मिसळून घ्या कारण रंग प्रत्येक लॉटचा वेगळा असतो, आणि भिंतीकडेला दोन बोटांएवढी पट्टी उरत असेल तर रेष सरकवा.

टाइलच्या पाठीला ग्लू आदल्या संध्याकाळी लावला तरी बऱ्याच डब्यांवर चालतं असं लिहिलेलं असतं, तेवढं वाचून घ्या, त्याने दुसरा दिवस हलका होतो. फक्त वाळल्यावर पाठीला पाठ लावून रचू नका, नाहीतर सकाळी टाइलचं सँडविच मिळेल. कडांपर्यंत ग्लू गेला पाहिजे, सोडलेला कोपराच आधी उचलतो.

जमिनीला छोट्या केसांच्या रोलरने पातळ हात मारा, एका वेळी तासाभरात संपेल तेवढाच भाग. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा: बोट टेकवून उचला, चिकट लागलं पाहिजे पण बोटावर काही येता कामा नये, आणि कुठेही पांढरा डाग नको. पांढरं म्हणजे पाणी. पांढऱ्यावर टाइल ठेवलीत तर तिथे फुगा येणार हे लिहून ठेवा. उलट जेवायला गेलात, डुलकी काढली आणि ग्लूची वेळ उलटून गेली तर चिकटपणा मरतो, मग परत एक पातळ हात.

टाइल तिरकी धरा, एक कड शेजारच्या टाइलला किंवा रेषेला नीट टेकवा आणि मग पुस्तक मिटावं तशी खाली सोडा. सरकवू नका, ढकलू नका. मग मधून कडांकडे तळहाताने, नंतर रबरी हातोड्याने कडांवर. शेवटी रोलर. परदेशात ४५ किलोचा तीन भागांचा लोखंडी रोलर भाड्याने मिळतो, आपल्याकडे तो शोधायला गेलात तर लोक विचित्र नजरेने बघतात, विनाइल फ्लोअरिंगवाल्यांकडे कधीकधी असतो. नाहीच मिळाला तर छोटा हातरोलर घेऊन गुडघ्यावर बसून अंगाचं वजन टाकत प्रत्येक टाइल, दोन्ही दिशांनी, आणि अर्ध्या तासाने परत. भरलेला गॅस सिलिंडर आडवा लोळवायची आयडिया आमच्याकडे पण निघाली होती, बायकोने एका नजरेत बंद केली.

भिंतीजवळ एक-दोन सूत फट सोडा, स्कर्टिंगखाली झाकली जाते. टाइलवर ग्लू सांडला तर ओला असतानाच ओल्या फडक्याने, वाळला तर बोटाने चोळून गोळी करून निघतो. थिनर लावू नका, वरचं लॅकर जातं.

एक दिवस कोणी फिरकायचं नाही, जड फर्निचर दोन दिवसांनी. टाइल आधीच फिनिश केलेली असली तरी वरून पाण्यातल्या पीयू लॅकरचा एक हात सगळ्या सांध्यांवरून घ्या, कच्ची असेल तर डब्यावर असतील तितके हात. वरून सांडलेलं पाणी सांध्यातून खाली गेलं तर ग्लूचं काय करणार, म्हणून हे. किचनमध्ये याच्या जोरावर चालतं. बाथरूमचं विचाराल तर अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या फॉलिंगवॉटर या घराच्या बाथरूममध्ये फ्रँक लॉइड राइटने १९३० च्या दशकात जमिनीला आणि भिंतींना कॉर्कच लावलाय, पण तिथे कोणी बादली आणि तांब्या घेऊन अंघोळ करत नव्हतं.

तिकडच्या थंड देशांत राहणाऱ्या मंडळींसाठी दोन ओळी. जमिनीखाली हीटिंग असेल तर ते काही दिवस आधी चालवून, लावताना बंद किंवा अगदी मंद, आणि नंतर फरशीचं तापमान २८ अंशांच्या आत. अमेरिका-कॅनडातल्या जुन्या घराच्या बेसमेंटमध्ये नऊ इंची लाद्या किंवा काळा डांबरी ग्लू सापडला तर तो घासू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आधी तपासून घ्या.

माझ्या स्टडीत शेवटी व्हिट्रिफाइड घासून, प्रायमर, लेव्हलिंग आणि पाण्यातला कॉन्टॅक्ट ग्लू असं झालं, मिस्त्री तोच. दोन पावसाळे गेले, बाल्कनीच्या दाराजवळची एक टाइल सोडून सगळं जागेवर आहे, तिथे दुपारचं ऊन थेट पडतं आणि एक कोपरा नखाएवढा उचललाय. हेअर ड्रायरने गरम करून दाबला, वर रात्रभर पाट्याचा दगड ठेवला, बसला. उन्हाळ्यात परत उचलला तर पडदा लावणार आहे, कारण टाइल आता दोनच उरल्यात आणि त्यांचा रंग आत्ताच जमिनीवरच्या टाइलपेक्षा गडद दिसतो.